वॉरंटीचं स्टिकर फाटलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं

तासगावहून एका वाचकाचा मेसेज आलाय, बराच मोठा आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं सांगतो. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतात, धंदा स्वतःचा, मदतीला एक चुलतभाऊ. मागच्या वर्षी पुण्याच्या एका दुकानातून ४२,००० रुपयांचं ग्राफिक्स कार्ड घेतलं, बिल स्टुडिओच्या नावाने जीएसटी नंबर टाकून, बॉक्सवर तीन वर्षांची वॉरंटी. आठ-नऊ महिन्यांत पंख्याची घरघर सुरू झाली, त्यांनी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकला, दुकानदाराचं उत्तर "उन्हाळाय, होतं तसं". पुढे पुढे रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलं की टेंपरेचर ९० च्या वर आणि मध्येच स्क्रीन काळी. लग्नसराई तोंडावर, म्हणून गावातल्या रिपेअरिंगवाल्या पोराकडून कार्ड उघडून घेतलं, त्याने धूळ काढली, चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली, ६०० रुपये घेतले, फरक काही पडला नाही. आता सर्व्हिस सेंटर म्हणतंय स्क्रूवरचं स्टिकर फाटलंय, वॉरंटी गेली. दुकानदार बिलावरच्या ओळींवर बोट ठेवतोय, एक म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' आणि दुसरी 'सर्व वाद पुणे न्यायालयाच्या कक्षेत'. यांचे प्रश्न तीन: नवीन कार्ड मिळेल का, त्या पोरावर केस करू का, आणि दुकानाचं नाव फेसबुकवर टाकू का.

शेवटचं आधी घेतो कारण ते रात्री रागात हातून होऊन जातं. नका टाकू. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि खरं बोललो हा बचाव असला तरी तो कोर्टात उभं राहून सिद्ध करायला तुम्हालाच लागतो. रिव्ह्यू लिहायचाच असेल तर तारखेसकट घडलं तेवढंच लिहा, 'चोर', 'फ्रॉड' हे शब्द टाळून. पण माझं ऐकाल तर आत्ता तेही नको, समोरच्याने मिटवायचं म्हटलं तर त्याला वाट राहू द्या.

आता स्टिकरचं. आपल्याकडे असा सरळ कायदा नाही की स्टिकर फाटलं तरी वॉरंटी चालूच राहील, त्यामुळे इंटरनेटवर अमेरिकेतल्या नियमांचे व्हिडिओ बघून सर्व्हिस सेंटरवाल्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. मग हातात काय आहे? एक चांगला आधार आहे, तो गाड्यांच्या बाबतीतला. कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाने, ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध जो निकाल दिला त्यात स्पष्ट म्हटलंय की बाहेरच्या गॅरेजला गाडी दाखवली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो निकाल ग्राफिक्स कार्डाला आपोआप लागू होत नाही, ग्राहक आयोगावर बंधनकारकही नाही, पण त्यातला तर्क सरळ आहे आणि तो आयोगासमोर मांडता येतो: बिघाड स्टिकर फाटल्यामुळे झाला का? की बिघाड आधीच होता म्हणून कार्ड उघडावं लागलं?

आणि इथंच तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. दुकानदाराला पाठवलेला तो व्हिडिओ, आवाजाचा, तो कार्ड उघडण्याच्या आधीचा आहे ना? मग तुमच्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तोच. बिल नव्हे, वॉरंटी कार्ड नव्हे, तो व्हिडिओ आणि खालचं "उन्हाळाय, होतं तसं". कंपनी म्हणणार उघडल्यामुळे बिघडलं, तुम्ही दाखवणार की उघडण्याच्या आधीच तक्रार केली होती आणि विक्रेत्याने ती हसण्यावारी नेली. ते चॅट आजच एक्सपोर्ट करून दुसऱ्या ठिकाणी ठेवा, मूळ फोन बदलू नका, विकू नका, फॉरमॅट तर अजिबात मारू नका. असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायचं असतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला कोर्टाइतका चिकटून बसत नाही, तरी जोडाच, समोरच्या वकिलाला फुकट मुद्दा कशाला द्यायचा.

आता तो पोरगा. त्याच्यावर केस करायचं डोक्यातून काढून टाका. ६०० रुपये घेणाऱ्याकडून ४२,००० वसूल करायला निघालात तर पहिली गोष्ट हीच होईल की तुम्ही स्वतःच लेखी कबूल कराल की कार्ड त्याने बिघडवलं, म्हणजे कंपनीचं काम तुम्ही करून दिलं. उलट त्याला साक्षीदार करा! त्याने कार्ड उघडलं तेव्हा आत काय दिसलं, पेस्ट वाळून पापडासारखी झाली होती का, पंख्याचं बेअरिंग हाताने हलवलं तर ढिलं लागत होतं का, थर्मल पॅड सरकले होते का, धूळ किती होती, हे त्याला आठवतंय तोवर लिहून घ्या, आणि पुढे लागलं तर त्याचं प्रतिज्ञापत्र. उघडताना त्याने फोटो काढले असतील तर फारच छान, ही पोरं हल्ली काढतात. पण जे दिसलं तेच लिहू दे हां, शिकवलेला साक्षीदार उलटतपासणीत दोन प्रश्नांत उघडा पडतो, आणि धूळ भरपूर होती असं तो म्हणाला तर तेही लपवू नका. धुळीने टेंपरेचर वाढतं हे खरं, पण धूळ काढून, नवी पेस्ट लावूनसुद्धा कार्ड तापतंय म्हटल्यावर दोष धुळीचा नव्हता हेच त्यातून निघतं.

पुढचा अडथळा मला स्टिकरपेक्षा मोठा वाटतो आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. ते बिल. स्टुडिओचं नाव आणि जीएसटी नंबर बघितला की समोरचा वकील पहिल्याच पानावर लिहिणार, हे ग्राहकच नाहीत, व्यापारी कामासाठी घेतलेला माल आहे, तक्रार फेटाळा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतू वगळलाय हे बरोबर, पण खालचं स्पष्टीकरण वाचायचं असतं: स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात रिक्षाचं उदाहरण दिलंय, स्वतः चालवून पोट भरायला रिक्षा घेतली तर तो ग्राहक, दुसऱ्याच माणसाला चालवायला दिली तर नाही. आणि त्याच निकालात असंही आहे की हाताखाली एक-दोन माणसं मदतीला घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. तर तुमचा चुलतभाऊ अडचणीचा नाही, काळजी नको. मात्र तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात हे यायला पाहिजे की एडिटिंग तुम्ही स्वतः करता आणि घर त्यावरच चालतं, नंतर उत्तरात घुसडलं तर ओढूनताणून वाटतं. कार्डावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर धंद्याच्या करातून वजा करणं) घेतलंय का ते तुमच्या सीएला विचारून ठेवा, घेतलं असेल तर लगेच सगळं बुडालं असं नाही, पण तो मुद्दा निघणारच आणि तेव्हा तुमचं तोंड कोरडं पडायला नको.

याच कारणासाठी मागणी बेताची ठेवा. मेसेजमध्ये तुम्ही लिहिलंय की तीन लग्नांच्या ऑर्डरी लांबल्या, पाच लाख नुकसान मागू का. पाच लाखांचा धंदा बुडाला असं लिहिलंत की स्वयंरोजगाराची बाजू तुम्हीच पातळ केली, शिवाय प्रत्येक ऑर्डरचा कागद दाखवावा लागणार. कार्ड बदलून द्या किंवा पैसे व्याजासकट परत द्या, मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे माफक पैसे, एवढं पुरे.

बिलावरच्या ओळींना घाबरू नका. पुण्याला जायची गरज नाही, कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी सांगली. २०१९ च्या कायद्याने केलेलं हे सगळ्यात चांगलं काम, नाहीतर पूर्वी तासगावच्या माणसाने कार्डापायी पुण्याच्या खेपा घालायच्या आणि त्यात कार्डाची किंमत निघून जायची. 'माल परत घेतला जाणार नाही' या ओळीने तर सदोष मालाची जबाबदारी पुसली जात नाही. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलात मुदत असेल तर ती, नसेल तर ३० दिवस, पण तुमचं दुखणं नवव्या महिन्यातलं आहे म्हणून त्यावर फार भर देऊ नका, तुमचा जोर वॉरंटीवर आणि मालातल्या दोषावर हवा.

नवीन कार्ड मिळेल का, तर मिळू शकतं पण तो हक्क आपोआप येत नाही. वॉरंटीच्या अटीत बहुतेक वेळा 'दुरुस्ती किंवा बदली, कंपनीच्या मर्जीप्रमाणे' असं असतं, आणि बदली म्हणजे कधी कधी दुरुस्त केलेलं जुनं कार्डसुद्धा. आयोग मात्र कलम ३९ खाली दोष दूर करा, तसंच निर्दोष नवं द्या, किंवा पैसे परत करा, यातलं काहीही सांगू शकतो. मॉडेल बंद झालं असेल तर पैसे परत हीच मागणी सोयीची. एक लक्षात घ्या, नुसत्या आवाजावर केस फार टिकत नाही. लोडवर येणारा बारीक चिरका आवाज, ज्याला कॉइल व्हाइन म्हणतात, तो कंपन्या सहसा दोषच मानत नाहीत. पंख्याची घरघर, ९० च्या वर जाणारं टेंपरेचर आणि बंद पडणारी स्क्रीन हे तिन्ही एकत्र आलं की गोष्ट वेगळी.

म्हणून एक काम करा, मापून ठेवा. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे कार्डाचं टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आकड्यांची नोंद, म्हणजे लॉग फाइल, सेव्ह होते. कॅबिनेटचं झाकण लावून एकदा आणि काढून एकदा, तेच रेंडर, खोलीचं टेंपरेचर दिसेल असा थर्मामीटर शेजारी, आणि मोबाईलवर न कापता व्हिडिओ, सुरुवातीला कार्डाचा सीरियल नंबर दाखवून. उघड्या कॅबिनेटमध्ये पण ९० च्या वर जात असेल तर "हवा खेळत नाही" हे उत्तर गळून पडतं. सारखं बंद पडत असेल तर दहा वेळा करत बसू नका, कार्ड पूर्ण जळालं तर पुरावाही जळाला. आणि तपासायला आयोग स्वतः लॅबकडे पाठवू शकतो, कलम ३८ मध्ये तशी सोय आहे, फक्त त्याची फी तुम्हाला भरायला सांगू शकतात.

क्रम असा ठेवा. सर्व्हिस सेंटरकडून नकार लेखी घ्या, जॉबशीटवर 'स्टिकर तुटलेलं' एवढंच लिहिलंय की 'बाहेरच्या दुरुस्तीने बिघाड' असं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोनवरचा नकार असेल तर ईमेल टाकून विचारा की नेमकं कोणतं नुकसान आमच्या उघडण्याने झालं, बहुतेकांकडे याला उत्तर नसतं. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, बऱ्याच मोठ्या कंपन्या तिथं ताबडतोब हलतात, कारण तिथली तक्रार थेट मुख्य ऑफिसात जाते. नाही हललं तर दुकान, सर्व्हिस सेंटर आणि कंपनीचं भारतातलं ऑफिस, तिघांना पंधरा दिवसांची नोटीस. स्पीड पोस्टनेच जाईल, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय, तरी पोहोच पावती मागून घ्या. नोटीस कायद्याने सक्तीची नाही पण तिच्या उत्तरातूनच समोरच्याची बाजू कळते.

त्यानंतर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर किंवा सांगलीत जाऊन तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी शून्य, वकील लागत नाही (माझ्या वकिलीच्या धंद्याला बरं नाही तरी सांगतो), व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणी मागता येते. मुदत दोन वर्षं, ती नकाराच्या तारखेपासून धरता येईल, पण तुम्ही पहिल्या व्हिडिओपासून मोजा आणि त्याच्या आत तक्रार टाकून मोकळे व्हा. कायद्यात तीन महिन्यांत, लॅब तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल असं लिहिलंय, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतं, आणि मध्ये आयोगाने मध्यस्थीला पाठवलं तर जा, अशा रकमेची भांडणं तिथंच मिटलेली बरी.

लग्नसराईचं काम मात्र थांबवू नका, दुसरं कार्ड घ्या आणि बिल जपा. यावेळी बिल कोणाच्या नावाने घ्यायचं ते सीएला विचारून ठरवा. सेकंडहँड घेणार असाल तर जरा जपून, इथेरियम या क्रिप्टो चलनाने १५ सप्टेंबर २०२२ ला माइनिंग (ग्राफिक्स कार्डं चालवून नाणी कमावणं) बंद केल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली होती, त्यातली काही अजून फिरतायत. वॉरंटी पहिल्या खरेदीदारालाच आहे का ते आधी बघा, आणि ऑनलाइन ओळखीच्या एखाद्या माणसाकडून घेतलंत तर ग्राहक आयोगाचा रस्ता जवळजवळ बंदच. जुनं कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेवा, परत कुणाला उघडू देऊ नका, आणि सर्व्हिस सेंटरला पुन्हा पाठवायची वेळ आली तर स्क्रू, फाटलेलं स्टिकर आणि सीरियल नंबर यांचे फोटो काढून मगच पाठवा.