पाणी कुठे मुरतं? हॉटेलमधल्या तंत्रज्ञानाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं वीस खोल्यांचं हॉटेल आहे. चॅनेल मॅनेजर (सगळ्या बुकिंग पोर्टलवरच्या खोल्या एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतला, तरी अधूनमधून एकच खोली दोघांना विकली जाते. सॉफ्टवेअर बदलावं का?

उत्तर : इतक्यात नको. दोष बहुतेक वेळा जोडणीत किंवा काउंटरवरच्या सवयीत असतो, आणि तो नव्या सॉफ्टवेअरमध्येही तुमच्यासोबत येईल.

आधी प्रत्येक पोर्टल कसं जोडलंय ते बघा. काही ठिकाणी फक्त आयकॅलची, म्हणजे कॅलेंडरच्या फाइलची, लिंक दिलेली असते. ती ठरावीक अंतराने वाचली जाते आणि दोन वाचनांमध्ये काही तासही जाऊ शकतात. तेवढ्या वेळात विकलेली खोली दुसरीकडे रिकामीच दिसत राहते. एपीआयची, म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी थेट बोलतात अशी, दुहेरी जोडणी असेल तर बुकिंग होताच उरलेल्या खोल्यांचा आकडा सगळीकडे पोचतो. ज्या पोर्टलला आयकॅलशिवाय पर्याय नाही, त्याला गर्दीच्या तारखांना शेवटच्या दोन खोल्या देऊच नका.

मग मॅपिंग, म्हणजे पोर्टलवरचं कुठलं नाव तुमच्या कुठल्या खोल्यांना जोडलंय ते, तपासा. समजा, पीएमएसमध्ये (हॉटेलच्या रोजच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘डिलक्स’ सहा आहेत आणि पोर्टलवर त्याच सहा ‘डिलक्स डबल’ आणि ‘डिलक्स ट्विन’ अशा दोन नावांनी लावल्यात. दोन्ही नावांना वेगवेगळा साठा दिला असेल तर सहाच्या जागी बारा खोल्या विक्रीला लागतात. दोन्ही नावं एकाच साठ्याला जोडून घ्या.

सवयींचा भाग अवघड आहे. नळ गळतो म्हणून २०४ बंद ठेवली, पण ते हाउसकीपिंगच्या वहीतच राहिलं. किंवा पीएमएसमध्ये नोंद केली, पण चुकीच्या खान्यात : काही पीएमएसमध्ये ‘आउट ऑफ ऑर्डर’ खोली विक्रीतून वजा होते, ‘आउट ऑफ सर्व्हिस’ होत नाही. थेट दारात आलेल्या पाहुण्याचंही तसंच. कार्ड आधी हातात दिलं जातं आणि नोंद सवडीने होते. लॉकचं सॉफ्टवेअर पीएमएसला जोडून घ्या आणि चेक-इन झाल्याशिवाय कार्ड बनणारच नाही अशी व्यवस्था करा. नुसत्या सूचना चार दिवस पाळल्या जातात.

चाचणी अशी करा. सहा महिन्यांनंतरची एखादी तारीख निवडून पीएमएसमध्ये एका प्रकारच्या सगळ्या खोल्या बंद करा. लॉगिन न करता, पाहुणा शोधतो तसं प्रत्येक पोर्टलवर शोधा आणि खोली किती मिनिटांत दिसेनाशी होते ते टिपा. मग एकच खोली उघडून ती एका पोर्टलवरून बुक करा, रद्द करा आणि ती सगळीकडे परत आली का ते बघा. ही शेवटची पायरी टाळू नका. दुहेरी बुकिंग झालं की पाहुणा काउंटरवर येऊन भांडतो, म्हणून ते कळतं. रद्द झालेली खोली विक्रीत परत आली नाही तर ती गुपचूप रिकामी राहते, आणि गेलेली रात्र पुन्हा विकता येत नाही.

प्रश्न : पोर्टलवर दर उतरवल्यापासून खोल्या जास्त भरतात, रेव्हपारही वाढला. पण हातात पैसा उरत नाही. असं का?

उत्तर : रेव्हपार म्हणजे खोल्यांचं एकूण उत्पन्न भागिले विक्रीला असलेल्या सगळ्या खोल्या. खोली विकायला किती खर्च आला, हे त्यात कुठेच येत नाही.

आकडे मांडून बघा. खोल्या २०, मूळ दर १००, पोर्टलचं कमिशन १८ टक्के, थेट बुकिंगला पेमेंटचा खर्च ३ टक्के आणि विकलेल्या प्रत्येक खोलीमागे धुलाई, साबण, वीज, नाश्ता मिळून १५ धरू.

पहिला प्रकार : दर ९० केला, १७ खोल्या गेल्या, सगळ्या पोर्टलवरून. उत्पन्न १५३०, रेव्हपार ७६.५. कमिशन २७५.४ आणि खोल्यांचा खर्च २५५ वजा केला की उरतात ९९९.६.

दुसरा : दर १०० ठेवला, १४ खोल्या गेल्या, त्यातल्या सात थेट. उत्पन्न १४००, रेव्हपार ७०. कमिशन १२६, पेमेंटचे २१, खोल्यांचा खर्च २१०. उरतात १०४३.

तीन खोल्या कमी साफ करूनही शिल्लक जास्त. म्हणून रोजच्या रिपोर्टमध्ये रेव्हपारच्या शेजारी, विक्रीचा आणि खोलीचा खर्च वजा करून दर खोलीमागे काय उरलं, हा रकाना हवाच. पीएमएसमध्ये प्रत्येक बुकिंगचा स्रोत अचूक भरला तरच तो निघतो. घाईत सगळंच ‘वॉक-इन’ (थेट दारात आलेला पाहुणा) म्हणून भरलं जात असेल तर आधी ते थांबवा. थेट बुकिंगसाठी जाहिरात करत असाल तर तिचा खर्चही त्याच सात खोल्यांवर टाका, नाहीतर स्वतःचीच फसवणूक होते.

याचा अर्थ पोर्टल सोडा असा नाही. जी खोली एरवी रिकामीच राहिली असती, तिच्यावर १८ टक्के देणं परवडतं. दुसऱ्यांदा येणारा पाहुणाही पोर्टलवरूनच येतो, तेव्हा मात्र नुकसान आहे.

प्रश्न : खोलीत वायफायच्या कांड्या फुल दिसतात, तरी पाहुणे तक्रार करतात. लाइन वाढवावी का?

उत्तर : रात्री नऊ-दहाला, हॉटेल भरलेलं असताना, राउटरला केबलने लॅपटॉप जोडून वेग मोजा. तिथेच कमी असेल तर लाइन वाढवा. तिथे चांगला आणि खोलीत वाईट असेल तर दोष ॲक्सेस पॉइंटच्या (वायफायचा सिग्नल सोडणाऱ्या उपकरणाच्या) जागेत आहे.

पॅसेजमध्ये ओळीने लावलेले ॲक्सेस पॉइंट एकमेकांना स्वच्छ ऐकतात आणि एकाच चॅनेलवर असले की आळीपाळीने बोलत बसतात. पाहुण्याचा फोन मात्र भिंत, बाथरूमच्या टाइल्स आणि आरशाच्या पलीकडे असतो. ॲक्सेस पॉइंटचा जोरदार आवाज त्याला ऐकू येतो, म्हणून कांड्या फुल. फोनचा क्षीण सिग्नल तिकडे धड पोचत नाही. उपकरण खोलीच्या आत, एकाआड एक खोलीत लावा आणि त्याची पॉवर कमी ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच चॅनेल वापरा, ५ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. उशीजवळ आणि टेबलावर सिग्नल उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) किंवा त्याहून चांगला हवा. बिलिंगची यंत्रं पाहुण्यांच्या नेटवर्कवर कधीही ठेवू नका.

प्रश्न : वीज वाचवायला सेन्सर बसवले. मध्यरात्री एसी बंद पडतो म्हणून पाहुणे चिडतात.

उत्तर : छतावरच्या पीआयआर (शरीराच्या उष्णतेवर चालणाऱ्या) सेन्सरला उबदार शरीराची हालचाल कळते. पांघरूण घेऊन झोपलेला माणूस हलत नाही, म्हणून सेन्सर खोली रिकामी धरतो. यावर उपाय दाराच्या चौकटीवरचा चुंबकी स्विच. नियम असा लावा : दार बंद झाल्यावर एकदा जरी हालचाल दिसली, तरी दार पुन्हा उघडेपर्यंत खोलीत माणूस आहे असं धरायचं. दार बंद होऊन १५ मिनिटं काहीच हाललं नाही, तरच खोली रिकामी.

एक फट तरीही राहते. दोघांपैकी एक झोपलाय आणि दुसरा बाहेर गेला, तर दार उघडून बंद झालं आणि आत हालचाल नाही. म्हणून खोली रिकामी ठरली तरी एसी पूर्ण बंद करू नका, तापमान दोन-तीन अंशांनीच वर न्या. दमट हवेत एसी पूर्ण बंद केला तर गाद्या-पडद्यांना कुबट वासही येतो. फ्रिज आणि पलंगाजवळचं चार्जिंगचं सॉकेट सेन्सरने बंद होणाऱ्या सर्किटवर अजिबात घेऊ नका.