लाकूड कुठून आले आणि किती वाळले?

पर्यावरणपूरक फर्निचरबद्दलची पत्रे वाढली आहेत. मागणी वाढली तसे ‘इको’, ‘ग्रीन’ हे शब्दही प्रत्येक दुकानाच्या पाटीवर चढले. आमच्या लेखी खरे पर्यावरणपूरक फर्निचर म्हणजे ज्याच्या लाकडाचा उगम सांगता येतो आणि जे गोव्याच्या पावसाळ्यात वीस-तीस वर्षे टिकते. तीन पावसाळ्यांत फुगून कचऱ्यात जाणारी वस्तू कोणत्याही शिक्क्याने पर्यावरणपूरक होत नाही.

प्रश्न : सहा माणसांचे जेवणाचे टेबल चतुर्थीआधी घ्यायचे आहे. एका दुकानात रबरवुड, दुसऱ्यात आकेशिया, तिसऱ्यात सागवान दाखवले. तिघेही ‘इको-फ्रेंडली’ म्हणतात. काय विचारावे? (पर्वरी)

तीन गोष्टी विचारा आणि बिलावर लिहून घ्या: लाकडाची जात, ते कुठून आले, त्यातला ओलावा किती. ‘सॉलिड वुड’ एवढेच लिहिलेले बिल घेऊ नका.

रबराचे झाड साधारण 25 ते 30 वर्षे चीक देते. मग लागवड बदलण्यासाठी ते तोडावेच लागते, म्हणून त्याचे लाकूड वापरणे चांगलेच. पण त्यात पिष्ट (स्टार्च) भरपूर असते. बोरॉनची प्रक्रिया केलेली नसेल तर निळसर-काळी बुरशी आणि कीड लवकर लागते. प्रक्रिया झालेली असली तरी ते बलकावात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) ठेवायचे लाकूड नव्हे, खोलीतच ठेवा. आकेशिया आपल्याकडे भरपूर लावला गेला, खाणींच्या डंपांवरसुद्धा. ते लाकूड जड आणि मजबूत असते, मात्र घाईने वाळवले तर टोकांना चिरा पडतात. त्यामुळे फळीची दोन्ही टोके बघा. सागवानाची कीर्ती आहे ती गाभ्याच्या लाकडाची. कोवळ्या लागवडीच्या सागात बाहेरचा फिकट भाग जास्त असतो आणि तो वाळवी खाते. पॉलिशच्या गडद रंगाखाली तो लपतो, म्हणून टेबलाची खालची, न रंगवलेली बाजू पाहा.

चौथा पर्याय कोणी दाखवलेला दिसत नाही, तो म्हणजे फणस. आधी पिवळे आणि नंतर तांबूस होणारे हे लाकूड आपल्या परसातच मिळते. त्यावर प्रमाणपत्राचा शिक्का नसतो, पण झाड कोणाच्या कुळागरातले (पोफळीच्या बागेतले) ते सांगता येते. मात्र खासगी जमिनीतले झाड तोडायलाही 1984 च्या वृक्ष जतन कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तिची प्रत मेस्ताकडून (सुताराकडून) मागून घ्या.

आता ओलाव्याचे. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. आपल्या पावसाळ्यात लाकडातला ओलावा 16 ते 18 टक्क्यांच्या आसपास जातो, तर रोज एसी चालणाऱ्या खोलीत तो 9-10 टक्क्यांवर येतो. सागवानाची तीन फूट रुंद फळी ओलाव्यातल्या 5 टक्क्यांच्या फरकाने 8 ते 9 मिलिमीटर रुंद किंवा अरुंद होते. टोकावरच्या रेषा कमानीसारख्या दिसत असतील तर एवढी. रेषा उभ्या असतील तर जवळपास निम्मी. सागवान मुळात कमी हलणारे, इतर बरीच लाकडे याहून जास्त हलतात. ही हालचाल कोणी थांबवू शकत नाही, तिला जागा द्यावी लागते. टेबलाखाली वाकून पाहा. वरचा पाट चौकटीला गोंदाने चिकटवलेला किंवा गोल भोकांतून स्क्रूने आवळलेला असेल तर एका वर्षात पाट फाटेल किंवा चौकट उखडेल. स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट हवीत, नाहीतर चौकटीच्या खाचेत सरकणारे लाकडी गुटके हवेत.

ओलावा मोजायचे टाचण्यांचे छोटे यंत्र चांगल्या मेस्ताकडे असते. टेबलाच्या तीन-चार जागी लावून बघायला सांगा. 12 टक्क्यांच्या आसपास आकडा आला तर घ्या, 18 च्या वर आला तर थांबा. उघड्यावर वाळवायचा जुना अंदाज एक इंच जाडीला एक वर्ष असा आहे.

चतुर्थीआधी हवे असेल तर पॉलिश मे महिन्यातच करून घ्या. जुलैत लाखेचे पॉलिश चढवले तर स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढरट पडदा येतो. पॉलिश खालच्या बाजूलाही हवेच. एकच बाजू बंद केली तर पाट वाकतो.

प्रश्न : आमच्या बांबूच्या बेटातल्या माणग्याचे (माणगा जातीच्या बांबूचे) बाक आणि स्टूल होमस्टेसाठी केले. सहा महिन्यांत खाली पिवळे पीठ पडू लागले. प्रक्रिया केली होती, मग असे का? (सत्तरी)

पीठ पाडणारी कीड बांबूतल्या पिष्टासाठी येते. तुमच्या पत्रात दोन चुका दिसतात: बांबू पावसात तोडला आणि महिनाभर वाळवून मग द्रावणात बुडवला. बोरॉन ओल्या बांबूतल्या पाण्यातूनच आत पसरते, वाळलेल्यात ते टोकापुरते राहते.

तीन वर्षांवरचा बांबू नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोडा. कोवळ्यावर पांढरी भुकटी आणि पेराभोवती पाती असतात. पक्क्यावर ती गळून राखाडी डाग आलेले असतात. तोडल्यावर चार-पाच दिवसांतच प्रक्रिया सुरू करा. आणि बुडवण्याआधी बाकाच्या मापाने तुकडे करा. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्याच्या गुळगुळीत सालीतून काही आत जात नाही, द्रावण शिरते ते टोकांतून. तुकडा जितका आखूड तितके ते खोल पोहोचते.

100 लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक अ‍ॅसिड. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग टाकीत ओता. बांबू तरंगतो, वर दगड ठेवा. पोकळ बांबूच्या पेरांचे पडदे सळीने फोडून 7 ते 10 दिवस पुरतात, माणग्याला दोन आठवडे द्या. मग सावलीत उभे करून वाळवा. उन्हात टाकलात तर तडकतील. नंतर कुठे कापावे किंवा भोक पाडावे लागले तर त्या तोंडाला त्याच द्रावणाचे दोन हात द्या. हे विसरले जाते आणि कीड नेमकी तिथून शिरते.

उरलेले द्रावण पोफळींच्या मुळाशी ओतू नका. जास्त बोरॉन झाडांना विषारी असते. झाकून ठेवा, पुढच्या खेपेला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड वाढवून वापरता येते. पावसात भिजणाऱ्या बाकाला ही प्रक्रिया उपयोगाची नाही, बोरॉन धुऊन जाते. तो बाक पत्र्याखाली आणा.

तोडणीच्या परवान्याबद्दलही विचारले आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत ‘झाड’ राहिलेला नाही.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या कपाटांना प्लायवूड कोणते? (वास्को)

ओट्याखाली आयएस 710 (हे भारतीय मानकाचे क्रमांक) चे, इतरत्र आयएस 303 मधले बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारे. पहिले 72 तास उकळूनही सुटू नये असे प्रमाण आहे, दुसऱ्याला 8 तास. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड सिंकखाली नको. गोंदातून सुटणारा फॉर्माल्डिहाइड वायू कमी असावा म्हणून ई-1 किंवा ई-0 दर्जा विचारा आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. पाणी कडेतूनच शिरते.

प्रश्न : माझा छोटा कारखाना आहे. एक हॉटेल ‘एफएससी’ (जंगलांना प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) शिक्क्याचे फर्निचर मागते. प्रमाणित लाकूड विकत घेऊन मी बिलावर तसे लिहू शकतो का? (डिचोली)

नाही, आणि ही चूक अनेकजण प्रामाणिकपणे करतात. ही साखळी आहे: जंगल, लाकूड चिरणारा, व्यापारी, तुम्ही. प्रत्येक दुव्याकडे स्वतःचे साखळी-प्रमाणपत्र असले तरच पुढे तो दावा जातो. तुमच्याकडे ते नसेल तर तुमच्यापाशी साखळी तुटली. छोट्यांसाठी गट-प्रमाणपत्राची सोय आहे. त्यात लेखापरीक्षणाचा खर्च वाटला जातो. व्यापाऱ्याच्या बिलावर ‘सीओसी’ आणि सहा आकडे असलेला प्रमाणपत्र क्रमांक असतो, तो संस्थेच्या खुल्या यादीत तपासा. ‘मिक्स’ शिक्का म्हणजे सगळे लाकूड प्रमाणित जंगलातले नव्हे, हेही हॉटेलला सांगा.

तोवर तुमच्या हातात एक खरी गोष्ट आहे. प्रत्येक वस्तूमागे एक पान ठेवा: जात, झाडाची जागा, तोडणी परवानगीची प्रत, वाहतूक पास, चिरल्याची तारीख, जोडणीच्या दिवशीचा ओलावा. बरीच हॉटेले शिक्क्याऐवजी एवढ्यावरही समाधानी होतात, कारण त्यांना पाहुण्यांना सांगायला काहीतरी ठोस हवे असते.

जुन्या घराच्या तुळया मिळत असतील तर सोडू नका, पण रंधा लावण्याआधी धातुशोधक फिरवा. एका मोडक्या खिळ्याने पाते जाते. जुना तैलरंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असू शकते. आणि शंभर वर्षांची तुळईसुद्धा चिरल्यावर पुन्हा हलते. फळ्या आडव्या पट्ट्या घालून, सावलीत दोन-तीन महिने थप्पीत ठेवा, मगच जोडा.

प्रश्न : आजोबांच्या काळची शिसवी खुर्ची लिस्बनला मुलाकडे पाठवायची आहे. (मडगाव)

आधी वय ठरवा. 100 वर्षे किंवा त्याहून जुनी असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या. शिसवी 2 जानेवारी 2017 पासून साइटिस या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे वस्तूतले लाकूड 10 किलोपेक्षा जास्त भरले तर त्याचेही कागद लागतील. वेताची बैठक काढून फक्त लाकूड तोला. एकटी खुर्ची बहुधा 10 किलोच्या आत बसते, हातांची मोठी आरामखुर्ची बसत नाही.