पाकिटावरची एक ओळ आणि औषध निरीक्षकांची नोटीस

प्रश्न : आमचा सोलापूर जिल्ह्यात महिला बचत गट आहे. माझे सासरे गुरांच्या झाडपाल्याचे जाणकार. त्यांच्या पद्धतीनं मेथी, ओवा, सुंठ, हिरडा, शतावरी, हळद आणि काळं मीठ कुटून आम्ही पूड करतो. एक किलोची पाकिटं पेंडीच्या दोन दुकानांत जातात. मांसासाठी हल्ये (रेडे) पोसणारे एक व्यापारी पोत्यानं घेतात. पाकिटावर बैलाचं चित्र आणि मजकूर असा : '१००% नैसर्गिक. वजनवाढीसाठी. पोटफुगी, जंत, कासदाह यांवर रामबाण. प्रतिजैविकांना पर्याय.' गेल्या महिन्यात औषध निरीक्षकांनी नमुने घेतले, उरलेला माल सील केला आणि विनापरवाना औषध बनवता म्हणून खुलासा मागितला. स्वयंपाकघरातला मसाला औषध कसा? गटाची अध्यक्ष मी आहे, मला अटक होईल का? एकानं सुचवलं, 'घरच्या गुरांपुरतं करतो' असं लिहून द्या. शिवाय व्यापारी म्हणतात, पुढच्या पोत्यांत थोडी मोनेन्सिनची पूड मिसळा आणि जनावरं प्रतिजैविकमुक्त असल्याची हमी लिहून द्या. काय करू?

उत्तर : ताई, आधी धीर धरा. हाती आली आहे ती खुलाशाची नोटीस, खटला नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधल्या आयुर्वेदिक औषधांच्या प्रकरणाखाली खटला भरायचा तर तो निरीक्षकानंच भरावा लागतो आणि त्यालाही वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी मागायची की नाही हे ठरवताना तुमचा खुलासा समोर असणार. म्हणून तो वेळेत आणि खरा जायला हवा. मुदत पुरत नसेल तर ती संपण्याआधी लेखी वाढवून मागा आणि पोच घ्या.

आता मसाल्याचं औषध कसं झालं ते. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आयुर्वेदिक औषधाची व्याख्या आहे. रोगाचं निदान, उपचार, उपशमन किंवा प्रतिबंध यांसाठीचं औषध त्यात येतं आणि माणसांच्या बरोबरीनं 'प्राणी' हा शब्दही तिथे आहे. बहुतेकांना हे माहीत नसतं. गुरांसाठी आहे म्हणजे कायदा लागू नाही, असं समजून राज्यभर पाकिटं विकली जातात. वस्तू कशासाठी विकली जाते यावर बरंच ठरतं, आणि ते सिद्ध करायला निरीक्षकाला प्रयोगशाळेत जावंच लागतं असं नाही. पाकीट, माहितीपत्रक, दुकानातला फलक, व्हॉट्सॲपवर फिरवलेला मजकूर, एवढं पुरतं. हीच मेथी आणि हाच ओवा 'खुराकात मिसळण्याची पूड' म्हणून विकला असता तर तुमचं पत्र मला आलंच नसतं. कासदाहावर रामबाण म्हटलंत आणि पूड कलम ३ मध्ये जाऊन बसली. पुढे कलम ३३ ईईसी सांगतं की असं औषध विक्रीसाठी बनवायला परवाना हवा. नसेल तर तो फौजदारी गुन्हा.

खाद्य की औषध हा वाद आपल्याकडे करांच्या प्रकरणांत भरपूर गाजला आहे. १९९७ मध्ये सन एक्स्पोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पशुखाद्य पूरकालाही पशुखाद्याची करसवलत दिली. पुढे खाद्यप्रतीच्या ई-५० जीवनसत्त्व पुडीवरून वाद पेटला आणि ३० जुलै २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दिलीप कुमार आणि कंपनीच्या प्रकरणात जुना निकाल मोडीत काढला. करसवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर तिचा फायदा सरकारला, असं ठरलं. तुमचं प्रकरण कराचं नाही. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीलाच मिळतो. पण 'हे तर खाद्यच' म्हणून न्यायालय आपोआप तुमच्या बाजूनं उभं राहील, या भरवशावर धंदा चालवू नका.

'घरच्या गुरांपुरतं' हे लिहून देणं सर्वांत घातक. दुकानदारांकडे तुमची बिलं आहेत, व्यापाऱ्याकडे पोत्यांचा हिशेब आहे, पाकिटावर किंमत छापली आहे. एक खोटं वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. तसंच घाबरून जुनी पाकिटं चुलीत घालू नका. सील केलेल्या मालाला हातही लावू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल.

खुलाशात हे लिहा : घटक कोणते आणि किती, गट कधीपासून पूड करतो, माल कुठे दिला. रोगांचा उल्लेख परवान्याच्या अटीची माहिती नसल्यानं छापला गेला, तो मजकूर थांबवला आहे आणि दुकानांतली पाकिटं परत मागवली आहेत. (आधी खरोखर परत मागवा. दुकानदाराला पत्र द्या आणि त्याची प्रत जोडा.) कायदा माहीत नव्हता हा बचाव होत नाही, पण खटल्याची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर हेतू दिसणं महत्त्वाचं असतं. 'आमच्या औषधानं शेकडो गुरं बरी झाली' असलं वाक्य मात्र चुकूनही नको. कौतुकाच्या भरात असे खुलासे येतात आणि निरीक्षकाचं काम तिथेच संपतं.

नमुन्यांकडे लक्ष ठेवा. नमुना घेताना 'फॉर्म १७' मध्ये लेखी सूचना द्यावी लागते आणि सीलबंद भागांपैकी एक तुम्हाला मिळायला हवा. तो कोरड्या जागी, सील न तोडता जपा. शासकीय विश्लेषकाचा अहवाल हाती आला की तारीख लिहून ठेवा. तो मान्य नसेल तर २८ दिवसांच्या आत तसं लेखी कळवावं लागतं. नाहीतर अहवालातल्या गोष्टी निर्णायक पुरावा ठरतात. ही मुदत हुकल्यामुळे चांगले बचाव वाया जातात.

अटकेबद्दल : सहकार्य करत असाल, गावातच राहत असाल आणि माल आधीच सील झाला असेल, तर या टप्प्यावर ती मला फारशी संभवत नाही. मात्र जबाबदारी अध्यक्षपदाशी आपोआप चिकटत नाही, तशी सुटतही नाही. कलम ३४ प्रमाणे व्यक्तींच्या समूहानं गुन्हा केला तर त्या वेळी कारभाराची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो दोषी धरला जातो. खरेदी कोण करतं, लेबल कोणी मंजूर केलं, हे ठरावांच्या वहीत जसं आहे तसंच दाखवा. मागाहून ठराव लिहू नका.

आता मोनेन्सिन. इथे मी साफ नाही म्हणतो. पूड थोडी असो वा जास्त. मोनेन्सिन हे स्वतःच प्रतिजैविकांच्या वर्गातलं रसायन आहे. ते मिसळून वर 'नैसर्गिक' आणि 'प्रतिजैविकांना पर्याय' छापणं म्हणजे सरळ फसवणूक. घोड्यांना ते अत्यंत विषारी असतं. शेजारच्या दावणीला कुणाची घोडी असेल आणि तिनं ते अंबोण खाल्लं, तर भरपाईचा दावा तुमच्यावर येईल. शिवाय मोनेन्सिन मिसळलेली पूड आयुर्वेदिक राहत नाही. मग प्रकरण कायद्याच्या चौथ्या, म्हणजे आयुर्वेदिक सोडून इतर औषधांच्या, प्रकरणाखाली जाऊ शकतं आणि तिथे विनापरवाना निर्मितीला किमान ३ वर्षांची कैद आहे. आज तुमच्या बाजूनं एकच गोष्ट भक्कम आहे, ती म्हणजे पाकिटात फक्त स्वयंपाकघरातलं सामान आहे. ती गमावू नका.

हमीपत्रही देऊ नका. हल्ये त्यांच्या गोठ्यात, डॉक्टर त्यांचे, सुई कधी टोचली ते तुम्हाला कळणार नाही. फार तर 'आमच्या पुडीत अमुक सात घटक आहेत, त्यात कोणतंही प्रतिजैविक नाही' एवढं, तेही प्रयोगशाळेचा अहवाल जोडून द्या.

आणि तो बैल पाकिटावरून काढा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर वळू आणि बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या जातीला परवानगी आहे, पण म्हशी आणि रेडकांसाठी आधी प्रमाणपत्र लागतं. बैलाच्या चित्राखाली 'वजनवाढीसाठी' आणि गिऱ्हाईक मांसाचा व्यापारी, हे छापणं गुन्हा नसेलही, पण कुणीतरी तक्रार करायला ते पुरेसं आहे.

पुढचा धंदा दोन प्रकारे करता येईल. औषध म्हणूनच विकायचं असेल तर फॉर्म २४-डी मध्ये अर्ज करून २५-डी चा परवाना घ्यावा लागेल. त्यासाठी अनुसूची 'टी' प्रमाणे जागा, यंत्रं, नोंदी आणि पात्र तांत्रिक माणूस हवा. बचत गटाला हे झेपणं अवघड. परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घेण्याची सोय, म्हणजे २५-ई चा लोन लायसन्स, तुलनेनं स्वस्त पडतो.

माझं मत विचाराल तर आधी खाद्यपूरक म्हणूनच विका. एकाही रोगाचं नाव नको, 'रामबाण' नको, 'पर्याय' नको. 'खुराकाला चव येते' हे बिनधास्त लिहा. 'भूक वाढवते, पचन सुधारते' हे कुंपणावरचं आहे, मी तुमच्या जागी ते टाळीन. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक केलं आहे. गुरांच्या पोटातला मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा दावा आहे. तो दावा रोगाचा नाही आणि त्यामागे चाचण्या आहेत. पाकिटावर वजन, घटक, किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, गटाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. घटक सोडले तर बाकीचं वजन-मापाचे २०११ चे नियम मागतातच. उद्या त्यात पेंड मिसळून 'तयार खुराक' काढलात तर आयएस (भारतीय मानक) २०५२ आणि क्षार मिश्रण घातलंत तर आयएस १६६४ ही मानकं आधी बघा.

सासऱ्यांचं काम बंद करायला मी सांगणार नाही. वैद्यानं स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधाला कलम ३३ ईईसीतून सूट आहे. पण नोंदणी नसलेल्या जाणकाराला ती मिळेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही आणि दुकानात ठेवलेल्या पाकिटाला तर ती मिळतच नाही. शेजारच्या म्हशीला त्यांनी हातानं ओवा-हिंग चारणं वेगळं. खुलाशात मात्र त्यांचं नाव 'वैद्य' म्हणून घालू नका. खुलाशाचा मसुदा तालुक्याच्या वकिलांना दाखवा, फौजदारी काम करणाऱ्या, आणि सोबत एक पाकीट न्या.