पदाआधीचं वाक्य

(तीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केलेले आमचे स्तंभलेखक वाचकांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मी आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. यंदा स्पर्धेच्या संगीत नाटकात भूमिका मिळाली. गुरुजी म्हणतात, 'नाटकात गेलीस की गळा गेला.' मग गायक-नट वसंतराव देशपांड्यांनी दोन्ही कसं सांभाळलं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुली, गुरुजींची भीती खोटी नाही. पण गळा बसतो तो बहुतेकदा गद्यात. भांडणाचा प्रवेश चढ्या आवाजात होतो, लगेच पद येतं, आणि घसा तापलेला असताना षड्ज, म्हणजे सा, सापडत नाही. पदाआधीच्या शेवटच्या वाक्याला मी ऑर्गनवर हळूच सा धरायचो. शहाणी नटी ते वाक्य त्या सुराजवळ आणून सोडायची. पद कधी सुरू झालं, प्रेक्षकांना कळायचंही नाही. तुझ्या साथीदाराकडून तालमीत एवढं मागून घे. आणि मांडी घालून बसवलेलं पद नऊवारी नेसून, चालत म्हणून बघ. श्वास कुठे तुटतो ते पहिल्याच दिवशी कळेल.

आता वसंतराव. त्यांची गाण्याचं एक आणि नाटकाचं एक अशी दोन खाती नव्हतीच. (खरं खातं मिलिटरी अकाउंट्सचं. तिथे त्यांनी कित्येक वर्षं नोकरी केली!) भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' चित्रपटात १९३५ साली कृष्ण झालेला हा मुलगा 'कट्यार काळजात घुसली'चा खाँसाहेब झाला तो १९६७ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब 'या भवनातील गीत पुराणे' गातो तेव्हा तो पंडितजींच्या, म्हणजे आपल्या प्रतिस्पर्धी गवयाच्या, हवेलीचा ताबा घेत असतो. त्या तानांमधली गुर्मी काढून टाक, खाँसाहेब उरतच नाही. 'घेई छंद मकरंद'च्या दोन्ही चाली ऐक. शब्द तेच, पण एकीत ठेहराव, दुसरीत झपाटा. दोन घराण्यांचं वैर तिथेच ऐकू येतं, वेगळं बोलून दाखवावं लागत नाही.

तेव्हा संहिता गुरुजींच्या हाती दे आणि पदं त्यांच्याकडूनच बसवून घे. नाटकाला नाही म्हणणारा माणूस पदाला नाही म्हणताना मी तरी पाहिलेला नाही.

प्रश्न : 'कट्यार' चित्रपटात सचिन पिळगावकर स्वतः गायले का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : २०१५च्या चित्रपटात खाँसाहेबाच्या पदांना आवाज राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. पण पिळगावकरांना कमी लेखू नका. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते त्यांच्या मानेवरून कळतं. राहुलने पुढे 'मी वसंतराव' चित्रपटात आजोबा साकारले आणि त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. तिथे ओठ आणि आवाज एकाच माणसाचे होते. आम्हा साथीदारांना ते लगेच जाणवतं, तान घेण्याआधी छाती फुगते ना!