ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेलेला अल्बम सिल्व्हरसुद्धा का नसतो?

सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम ही विक्रीच्या टप्प्यांची चढत्या क्रमाने प्रमाणपत्रं. प्रश्न दोन भागांचा आहे. ब्रिटनच्या चार्टवर पहिला आलेला अल्बम सिल्व्हरही नाही, हे कसं? आणि टॉप ४० मध्ये कधीच न दिसलेलं गाणं प्लॅटिनम कसं? दोन्ही शक्य आहे, कारण चार्ट, म्हणजे विक्रीची क्रमवारी, एका आठवड्यापुरता असतो आणि प्रमाणपत्र आजवरच्या एकूण बेरजेवर मिळतं.

प्रमाणपत्रं देते बीपीआय, म्हणजे तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना. चार्ट काढते ऑफिशियल चार्ट्स कंपनी. तिची मालकी बीपीआय आणि विक्रेत्यांची संघटना ईआरए यांच्याकडे मिळून आहे. आकडेवारी एकच असली तरी ती मोजायचे नियम वेगळे आहेत.

आधी उंबरठे, म्हणजे किती विक्रीला कोणतं प्रमाणपत्र. सिंगलसाठी (सुट्या गाण्यासाठी) सिल्व्हर २ लाख, गोल्ड ४ लाख, प्लॅटिनम ६ लाख. अल्बमसाठी ६० हजार, १ लाख आणि ३ लाख. लोक हे दोन तक्ते सर्रास एकमेकांत मिसळतात. अमेरिकेतलं प्लॅटिनम १० लाखांचं असतं, त्यामुळे नुसतं ‘प्लॅटिनम’ म्हणून दोन देशांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आता स्ट्रीमिंग. सिंगलच्या हिशेबात पैसे भरणाऱ्या ग्राहकांचे १०० स्ट्रीम किंवा जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांचे ६०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री. समजा, एखाद्या गाण्याचे ब्रिटनमध्ये आजवर ९० लाख सशुल्क आणि ६० लाख मोफत स्ट्रीम झाले, शिवाय ५ हजार डाउनलोड विकले गेले. ९०,००० + १०,००० + ५,००० = १,०५,०००. सिल्व्हर अजून अर्ध्या वाटेवर. सरसकट दीड कोटीला १०० ने भागलं, तर दीड लाख येतात आणि अंदाज तिथेच चुकतो. त्याहून मोठी चूक म्हणजे स्पॉटिफायवर गाण्यापुढे दिसणारा आकडा वापरणं. तो जगभरचा असतो, सशुल्क-मोफत एकत्र. त्यातून ब्रिटनचा वाटा बाहेरून काढताच येत नाही.

चार्टचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. नव्या अल्बमच्या आगाऊ मागणीच्या सगळ्या सीडी, व्हायनल आणि सही केलेल्या प्रती पहिल्याच आठवड्यात जमा होतात. समजा १८ हजार प्रती गेल्या आणि समोर तगडं कुणी नव्हतं, तर पहिला क्रमांक पक्का. पुढच्या आठवड्यापासून मात्र विक्री आटते आणि ६० हजारांचा टप्पा वर्षानुवर्षं लांब राहतो. हे निष्ठावान चाहतावर्ग असलेल्या बँडच्या बाबतीत फार दिसतं.

उलट बाजू जास्त गमतीची आहे. मार्च २०१७ मध्ये एड शीरनचा अल्बम आला आणि त्याची १६ गाणी एकाच वेळी टॉप २० मध्ये घुसली. त्यानंतर जुलै २०१७ पासून नियम आला : एका मुख्य कलाकाराची त्या आठवड्यातली सर्वांत चाललेली तीनच गाणी सिंगल्स चार्टवर. चौथ्या गाण्याला कितीही ऐकलं गेलं तरी क्रमांक नाही, पण त्याचे स्ट्रीम प्रमाणपत्रासाठी जमा होतच राहतात.

त्याच वेळी दुसरा नियम आला, एसीआरचा (ॲक्सिलरेटेड चार्ट रेशो, म्हणजे उतरणीला लागलेल्या गाण्यांचे स्ट्रीम कमी भावाने मोजणं). गाणं चार्टवर किमान दहा आठवडे झालं आणि सलग तीन आठवडे घसरलं, की त्याचे स्ट्रीम निम्म्या भावाने मोजतात : सशुल्क २०० ला एक, मोफत १,२०० ला एक. आठवड्याला १२ लाख सशुल्क, ६ लाख मोफत आणि ५०० डाउनलोड असतील, तर एरवी १३,५०० विक्री धरली जाते. एसीआर लागल्यावर तीच ७,०००. ऐकणारे तेवढेच, पण गाणं एका आठवड्यात धाडकन खाली येतं आणि ‘काहीतरी गडबड आहे’ असा ओरडा सुरू होतो. तीन वर्षांहून जुनी गाणी मुळातच या भावात असतात. प्रमाणपत्राच्या बेरजेला ही कात्री लागत नाही. म्हणून संथपणे वर्षानुवर्षं ऐकलं जाणारं गाणं चार्टबाहेर राहूनही प्लॅटिनम होतं. (माझ्या मते गाण्याची खरी पोच कळायला ही बेरीजच अधिक भरवशाची.)

अल्बम चार्टवर एका हिट गाण्याच्या जिवावर अख्खा अल्बम तरून जाऊ नये म्हणून वेगळी काळजी घेतात. सर्वाधिक ऐकलेली १६ गाणी धरतात, त्यातल्या वरच्या दोनांचे आकडे बाकीच्यांच्या सरासरीला आणतात आणि मग १,००० सशुल्क किंवा ६,००० मोफत स्ट्रीमला एक अल्बम धरतात.

पडताळणी बीपीआयच्या संकेतस्थळावरच्या शोधात करा आणि सिंगल की अल्बम ते निवडायला विसरू नका. भिंतीवरच्या चकचकीत तबकडीचा फोटो पुरावा मानू नका. तशा हुबेहूब तबकड्या कोणीही बनवून घेतं. जुन्या अल्बमपुढे जुलै २०१३ ची तारीख दिसली, तर तेव्हा तो अचानक विकला गेला असं समजू नका. त्याआधी कंपनीला प्रमाणपत्रासाठी स्वतः अर्ज करावा लागे आणि दुकानांना पाठवलेला माल मोजला जाई. त्या महिन्यापासून चार्ट कंपनीच्या विक्रीच्या आकड्यांवरून प्रमाणपत्रं आपोआप मिळू लागली आणि राहून गेलेली कित्येक एकदम नोंदली गेली.