‘झे माल ओ कर’ म्हणजे काळीज दुखणं नव्हे

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय : फ्रेंचमध्ये ‘कर’ म्हणजे हृदय. मग ‘झे माल ओ कर’ म्हटल्यावर बाईंनी त्याचा अर्थ ‘मला मळमळतंय’ असा का सांगितला?

ताई, बाईंचं बरोबर आहे. हृदय आणि जठर यांची सरमिसळ फार जुनी. ग्रीक ‘कार्डिया’ हा शब्द हृदयालाही होता आणि जठराच्या तोंडालाही. अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेला वैद्यकात अजून कार्डियाच म्हणतात. आपणही ‘छातीत जळजळतंय’ म्हणतो, आणि असतं ते पित्त. पण खरोखर छातीत दुखत असेल तर ‘झे माल आ ला प्वात्रीन’च म्हणा. डॉक्टरांसमोर इथे घोटाळा झालेला परवडणार नाही.

आता रचना. ‘झे माल’ म्हणजे ‘मला दुखणं आहे’, आणि पुढे जागा सांगायची. ‘डोकं दुखतंय’ डोक्यात ठेवून भाषांतर करायला गेलात तर अडखळाल, कारण तिथे दुखण्याचं काम डोकं करतं. त्यापेक्षा ‘मला पोटात दुखतंय’ हे वाक्य धरा. ते फ्रेंचच्या बरंच जवळचं आहे : ‘झे माल ओ वाँत्र’. स्त्रीलिंगी शब्दाआधी ‘आ ला’ (आ ला तेत, डोकं), पुल्लिंगी शब्दाआधी ‘ओ’. अनेकवचनातही कानाला ‘ओ’च येतो : ओ दाँ, दात. ‘माझं’ म्हणायची गरज नसते.

मराठी माणूस खरा चुकतो तो हातापायांत. आपला ‘पाय’ मांडीपासून तळव्यापर्यंत सगळा. त्यांचा ‘झाँब’ वेगळा आणि घोट्याखालचा ‘प्ये’ वेगळा. हाताचंही तसंच : ‘ब्रा’ वेगळा आणि मनगटापुढचा ‘मँ’ वेगळा. तालमीत पोराचा ‘पाय मुरगळला’ असं आपण म्हणतो, पण फ्रेंचमध्ये त्याचा मुरगळतो तो घोटा, ‘शव्हीय’.

काही ठिकाणी मात्र आपलंच बोट धरून चालता येतं. ‘द्वा द प्ये’ म्हणजे अक्षरशः पायाचं बोट. ‘तोंबे मालाद’ म्हणजे आजारी पडणं, आणि ‘तोंबे’चा अर्थही पडणंच.

एक शब्द मला फार आवडतो, ‘कुर्बात्युर’. पहिल्यांदाच जोर-बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी अंग आंबून येतं ना, नेमकं तेच. ‘झे दे कुर्बात्युर’ : अंग आंबलंय.