वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे पार्ट घरच्या घरी रिफर्बिश करता येतात का?

तुम्ही विचारलंय की दारात १९८६ची पद्मिनी उभी आहे, फ्युएल पंप, कार्बोरेटर आणि ब्रेकचे व्हील सिलिंडर (चाकातले, ब्रेक दाबला की लायनर ढकलणारे) नवे मिळत नाहीत, तर ते घरीच नीट करता येतील का आणि खर्च किती येईल. खर्चाचं मला विचारू नका. हिशेब लिहिणं मी दुसऱ्याच वर्षी बंद केलं, संसार टिकवायचा होता.

बाकी, करता येतात. पण आधी मला सांगा, पार्ट गेलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं? मिस्त्रीने सांगितलं असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही.

आमची गाडी ८८ची. वडील गेल्यावर दीड वर्ष ताडपत्रीखाली होती. सुरू केली तर सायलेन्सरमधून निळसर धूर, पिकअप नाही, आणि डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. आमच्या भागात जुन्या गाड्यांचा डॉक्टर म्हणून ज्याची ख्याती आहे (नाव घेत नाही) त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं इंजिन ऐकलं आणि निकाल दिला. "रिंगा गेल्या साहेब. इंजिन उतरवायचं, बोअर मारायचं, ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे." आकडा पंचेचाळीस हजार. थोरल्या भावाने तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन लावला. तो अठरा देतो म्हणाला. दादा म्हणाला, "पंचेचाळीस घालण्यापेक्षा अठरा घे आणि मोकळा हो."

मला एकच गोष्ट खटकत होती. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी. त्या गेल्या की इंजिन ऑइल खातं, पातळी उतरते. आमची चढत होती, आणि मी एक थेंब घातला नव्हता. हे बोलून दाखवलं तर मिस्त्री हसला. दादा म्हणाला, "तू बँकेत आहेस ना, मग बँकेतलं बोल."

रात्री जेवणं उरकल्यावर एकटाच खाली गेलो. डिपस्टिक ओढली, ऑइल बोटांत चोळलं. पाण्यासारखं पातळ. नाकाशी धरलं तर पेट्रोलचा भपका.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाच्या कुशीत जो मेकॅनिकल फ्युएल पंप असतो, ज्याला सगळे एसी पंप म्हणतात (थंड हवेच्या एसीशी संबंध नाही), त्याची दांडी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, हलवतो. दांडी आतला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, खाली ओढते, स्प्रिंग तो वर ढकलते, एवढाच त्याचा संसार. डायफ्राम फाटला की पेट्रोल वर जायचं सोडून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल धडधाकट रिंगांनाही जुमानत नाही, वर येऊन जळतं, म्हणून निळा धूर. म्हणजे धूर खरा होता, पण रिंगांवरचा आरोप खोटा.

पंप दोन नटांवर असतो. काढण्याआधी टाकीकडून येणारा पाइप बंद करा, नाहीतर माझ्यासारखी बाहीभर आंघोळ होईल. खोलण्याआधी कानशीने वरच्या आणि खालच्या भागावर मिळून एक तिरकी रेघ ओढून ठेवा. पाइपांची तोंडं कुठल्या बाजूला होती हे नंतर आठवत नाही. उघडल्यावर डायफ्राम हातात आला तो वाळलेल्या पापडासारखा, कडेला नखभर चीर. पंचेचाळीस हजारांची चीर!

मग मी पहिली चूक केली. नवा डायफ्राम बसवला, स्क्रू आवळले, पंप चढवला, गाडी फिरवली, दादाला फोटोही पाठवला. तीन आठवड्यांत डायफ्राम स्क्रूच्या भोकांपाशी फाटला. पुन्हा पेट्रोल ऑइलमध्ये, पुन्हा दादाचा फोन. झालं होतं असं की डायफ्राम वर सैल असतानाच मी स्क्रू घट्ट केले होते, त्यामुळे दांडीने खाली ओढला की तो ताणून निघायचा. स्क्रू आधी नुसते टेकवायचे. मग दांडी पूर्ण दाबून धरायची, म्हणजे डायफ्राम शेवटपर्यंत खाली जातो, आणि त्या अवस्थेत समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं. याला तीन हात लागतात. तिसरा बायकोचा होता आणि ती अजून सांगते की पंप तिनेच दुरुस्त केलाय.

दुसऱ्या वेळी आणखी एक गोष्ट सापडली. पंपाच्या कडा वाकड्या होत्या. आधी कोणीतरी स्क्रू जीव खाऊन आवळले असणार. खिडकीची जुनी काच सपाट ठेवली, त्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर, दोन थेंब रॉकेल. कडेवर स्केचपेनने रेघा मारल्या आणि इंग्रजी आठाच्या आकड्यात घासत गेलो (मराठी आठाने काही होत नाही). जिथे रेघा पुसल्या जात नाहीत तिथे खळगा. सगळ्या रेघा गेल्या की कड सपाट. अर्धा तास लागला. ब्लॉक आणि पंप यांच्यामधलं पॅकिंग मात्र होतं त्याच जाडीचं घाला. पातळ घातलंत तर दांडी जास्त दाबली जाते आणि सगळी मेहनत वाया.

ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं जातात, मग मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरतं आणि ते आपल्याला नकोय.

डायफ्राम घेताना दुकानदाराला इथेनॉलला टिकणारा आहे का ते विचारा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि ही गाडी घडली तेव्हा तिच्या रबरांना असलं काही ठाऊक नव्हतं. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काढलेले पंप ढिगाने दिसायचे. गाडी कुर्ल्यातच बनायची, तिथेच सुटी व्हायची. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. काढलेला पंप मिळाला तर घ्या, पण खोलून बघितल्याशिवाय लावू नका.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात: जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग आयुष्यभर काळा धूर. क्लीनर मारा, हवा मारा, पुन्हा मारा. गंजलेले बोल्ट आणि ब्रॅकेट लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेत तर सकाळी चकचकीत. पण ते लोखंडासाठी. पंपाची किंवा कार्बोरेटरची बॉडी त्यात बुडवलीत तर सकाळी खरवडलेला काळा ठोकळा बाहेर काढाल. मी एक वरचं झाकण असं घालवलंय.

व्हील सिलिंडरचं तुम्ही सगळ्यात आधी विचारलं असतंत तर मी सगळ्यात आधी नको म्हटलं असतं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सिलिंडरच्या आत नखाला खड्डा लागत असेल तर घासत बसू नका, आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालून द्यायला वर्कशॉपला द्या. आतून गुळगुळीत असेल तर फक्त रबरं बदला, आणि ती पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवू नका, फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवा. जुन्या लायनरची धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने टिपा. आणि पेट्रोलचं कुठलंही काम घराच्या आत नाही. हे वर लिहायला हवं होतं.

एक मात्र मान्य करतो. सगळेच मिस्त्री असे नसतात, आणि कधी कधी रिंगा खरंच जातात. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून, करून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. आमच्या डॉक्टरने तीही केली नव्हती, आणि "तुम्ही तपासलंत का" एवढं विचारायला दादाला भंगारवाल्याशी बोलण्यातून सवड नव्हती. छंद म्हणजे रिकामटेकडेपणा असं त्याचं मत आहे. असेल.

गेल्या गणपतीत तो आला होता. गाडी घेऊन मार्केट यार्डात फुलं आणायला गेला, आल्यावर स्वतःच बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून हुंगली आणि पुन्हा आत घातली. म्हणाला, "हॉर्न बघ जरा, बसल्यासारखा वाजतोय."